‘किंचित्’ म्हणजे किती?

गेल्या उन्हाळ्यांत धरमपेठेंतील एका लग्नसमारंभांत जेवणाच्या पंगतीस आमच्या शेजारीं एक निवृत्त अभियंते येऊन बसले. सारा जन्म विजेच्या कारखान्यांत घालविलेला, वाचन चांगलें, वाणी मृदु. वाद घालण्यास असा गृहस्थ मिळणें हें भाग्यच म्हटलें पाहिजे. नागपूरच्या उन्हापासून संभाषण निघालें तें रीतीप्रमाणें विजेवर आलें, विजेवरून कोराडीच्या राखेवर आणि राखेवरून पाण्यावर. राखेंत पारा असतो, शिसें असतें, सोमल असतो, असें आम्हीं म्हणतांच त्यांनीं मंद हास्य केलें. “प्रोफेसरसाहेब,” ते म्हणाले, “असतो ना! पण किती? किंचित्! अगदीं किंचित्! सारें मर्यादेच्या आंत आहे. तेवढ्यानें मनुष्यास काय होतें?” इतक्यांत वाढपी तूप घेऊन आला. तेंही त्यांनीं ‘किंचित्, किंचित्’ म्हणत तीन वेळां वाढून घेतलें.

हा लेख त्या एका शब्दावर आहे. आमचे स्नेही खोटें बोलले असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. त्यांचा आंकडा बहुधा बरोबरच असेल. आमची तक्रार अशी कीं, त्यांनीं बरोबर आंकडा चुकीच्या प्रश्नापुढें ठेवला; आणि हा प्रमाद त्यांचा एकट्याचा नाहीं. कारखानदार हेंच म्हणतात, सरकारी अहवाल हेंच म्हणतात, आणि आम्ही सुशिक्षित मंडळी वर्तमानपत्र मिटतांना सुटकेचा निःश्वास टाकून हेंच म्हणतों. ‘मर्यादेच्या आंत’ हे दोन शब्द कानांवर पडले कीं आमची जिज्ञासा तत्काळ निद्रिस्त होते.

कोणत्याही द्रव्याविषयीं पहिला प्रश्न ‘आज किती पोटांत गेलें?’ हा नसून ‘गेलेलें बाहेर केव्हां पडतें?’ हा आहे. समजा, एखादें द्रव्य रोज एक भाग पोटांत जातें आणि शरीर आपल्याजवळचा निम्मा सांठा एका दिवसांत बाहेर टाकतें. मनुष्य शंभर वर्षें तें खात राहिला तरी त्याच्या अंगांत दोन भागांहून अधिक कधींच सांचणार नाहीं. मिठाची, साखरेची, आपल्या चहाकॉफीची गोष्ट थोडीबहुत अशी आहे. परंतु निम्मा सांठा जावयास एका दिवसाऐवजीं सत्तर दिवस लागत असतील, तर तोच रोजचा एक भाग वाढत वाढत सुमारें शंभर भागांवर जाऊन ठेपतो. आणि सात वर्षें लागत असतील, तर छत्तीसशें भागांच्याही वर! रोजचें ‘किंचित्’ तिन्हीं ठिकाणीं तेंच आहे. भेद आहे तो वहीचा. पहिल्या वहींत जमा होतांच खर्च पडतो. तिसरींत केवळ जमेचीच बाजू लिहिली जाते. मासळींतून येणारा सेंद्रिय पारा, ज्यास मिथिल-पारा म्हणतात, तो दुसऱ्या जातीचा आहे: मनुष्यदेहांतून त्याचा निम्मा भाग जावयास सुमारें पन्नास ते सत्तर दिवस लागतात. डी.डी.टी. आणि तिच्यापासून शरीरांत बनणारें द्रव्य हीं तिसऱ्या जातीचीं. त्यांस वर्षें लागतात.

हें इतकेंच असतें तरीही एक वेळ चाललें असतें. परंतु सृष्टींत कोणीही एकटा जेवत नाहीं; प्रत्येक जीव दुसऱ्याचा सांठा खातो. ह्याचें जें उदाहरण जगभर प्रसिद्ध झालें तें कॅलिफोर्नियांतील क्लिअर लेक ह्या सरोवराचें. तेथें चिलटांचा उपद्रव फार. तीं चावतही नसत. केवळ संख्येनेंच नकोशीं झालीं होतीं. तेव्हां १९४९ सालीं डी.डी.टी.चें भावंड जें डी.डी.डी. तें पाण्यांत सोडण्यांत आलें, आणि किती जपून! सात कोटि भाग पाण्यास एक भाग औषध. चिलटें पुन्हां दिसूं लागलीं म्हणून १९५४ सालीं व नंतर १९५७ सालीं पुन्हां सोडलें. ह्या खेपेस पांच कोटींस एक. ह्याहून ‘किंचित्’ तें काय असावें? परंतु पुढच्या हिवाळ्यांपासून त्या सरोवरावरील पाणडुबीच्या जातीचे पक्षी मरूं लागले. त्यांना रोग कोणताच सांपडेना. शेवटीं त्यांची चरबी तपासली, तेव्हां तींत दशलक्ष भागांस सोळाशें भाग तें औषध निघालें. पाण्यांत होतें दशलक्षास ०.०२. पाण्यांतील सूक्ष्म वनस्पतिजीवांत तें पांच भाग झालें होतें, ते जीव खाणाऱ्या माशांत त्याहून कितीतरी अधिक, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत पाण्याच्या ऐंशी हजार पट. हजारेक जोड्यांपैकीं १९६० च्या सुमारास तीसएक उरल्या. रेचल कार्सनबाईंनीं १९६२ सालीं आपल्या ग्रंथांत ही हकीकत जगापुढें मांडली, तेव्हां रसायनांच्या कारखानदारांनीं त्यांना भोळसट ठरविण्याचा यत्न केला. सरोवराच्या पाण्याचा आंकडा मात्र शेवटपर्यंत निर्दोष होता, हें आमच्या स्नेह्यांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां कॅलिफोर्नियाहून घरीं येऊं. नागपूरच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा अशीं दोन मोठीं औष्णिक वीजकेंद्रें आहेत. आपल्या देशी कोळशांत शंभरांत तीस-चाळीस भाग राखच असते. तेव्हां जळणाऱ्या कोळशाच्या मानानें राखेचे डोंगर होतात हें ओघानेंच आलें. ती पाण्यांत कालवून बंधाऱ्यांत सोडण्यांत येते. जुलै २०२२ मध्यें ऐन पावसाळ्यांत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचें पाणी शेतांतून कोलार नदींत व तेथून कन्हानकडे वाहत गेलें. ज्या कन्हानचें पाणी आम्ही नागपूरकर पितों तीच ही कन्हान. त्याच्या आदल्या वर्षीं, २०२१ मध्यें, मंथन अध्ययन केंद्र, असर व नागपूरचें सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट ह्या संस्थांनीं त्या परिसरांतील गांवांच्या पाण्याचे नमुने तपासून अहवाल काढला होता. कांहीं ठिकाणीं पारा, सोमल इत्यादि द्रव्यें मर्यादेबाहेर आढळल्याचें त्यांत नमूद आहे. म्हणजे ‘मर्यादेच्या आंत’ हें विधानही सर्वत्र खरें नव्हतें. परंतु तो मुद्दा आम्ही मुद्दाम बाजूस ठेवतों. सारें पाणी मर्यादेच्या आंत आहे असेंच गृहीत धरूं, आणि तरीही काय होतें तें पाहूं.

कोळशांतील पाऱ्याचा मोठा अंश वाफ होऊन धुराड्यांतून जातो, कांहीं राखेंत राहतो. वाफ हवेंत फिरते, पावसाबरोबर खालीं येते, तळ्यांत उतरते. येथवर तो साधा पारा आहे आणि साध्या पाऱ्यास शरीर सहसा थारा देत नाहीं. परंतु तळ्याच्या तळाशीं, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं अशा चिखलांत, कांहीं जंतु त्याचा मिथिल-पारा करितात, आणि मग त्याचा स्वभाव पालटतो. हा पारा चरबींत नव्हे, मांसांत बसतो. म्हणून मासा कितीही धुतला, तळला वा उकडला तरी तो तेथेंच राहतो. मोठ्या, दुसऱ्या माशांना खाणाऱ्या माशांत त्याचें प्रमाण पाण्याच्या दशलक्षपटींच्या घरांत जातें. आतां त्रैराशिक मांडून पाहा. पिण्याच्या पाण्यांत पाऱ्याची मर्यादा लिटरास ०.००१ मिलिग्रॅम आहे. माशाची मर्यादा किलोस अर्धा मिलिग्रॅम. तळ्याच्या पाण्यांत त्या पाण्याच्या मर्यादेचा दोन-हजारावा हिस्सा इतकाच मिथिल-पारा असला आणि तो दशलक्षपट झाला, तर मासा आपल्या मर्यादेस जाऊन टेंकतो! पाण्याचा तपासनीस त्या तळ्यास प्रशस्तिपत्र देईल आणि त्याच तळ्याच्या कांठचा ढिवर, जो नित्य तेंच मासे खातो, तो आपल्या वहींत बाकी वाढवीत राहील. कोठल्याही अहवालांत कोणी खोटा आंकडा लिहिलेला नसेल.

येथें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हायसें वाटलें असेल. ‘आमच्या घरांत मासळी येतच नाहीं’ असें महालांतून आणि धंतोलींतून म्हटलेलें आम्हांस येथें ऐकूं येतें. शाकाहाराचें पुण्य आम्हांसही मान्य आहे. पण तें पाऱ्यापुरतें. पंगतींतील तूप विसरतां कामा नये.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें बारा राज्यांतून दुधाचे २२०५ नमुने गोळा करून तपासले. त्याचा अहवाल १९९३ सालचा आहे. शंभरांत सुमारें ब्याऐंशी नमुन्यांत डी.डी.टी. निघाली आणि सदतीस नमुन्यांत ती मर्यादेहून अधिक होती. मर्यादा ओलांडणाऱ्यांत पहिला क्रमांक कोणत्या प्रांताचा? महाराष्ट्राचा: शंभरांत चौऱ्याहत्तर. सतीचें वाण घेतल्यासारखे ज्या दुधास आपण जपतों, ज्यांत पाणी घातलें म्हणून गवळ्याशीं भांडतों, त्यांत हें न दिसणारें पाणी कोणी घातलें? कोणीच नाहीं. गोठ्याच्या भिंतींवर हिंवतापासाठीं फवारा झाला होता, चाऱ्यावर शेतांतला उडाला होता, पेंडींतून थोडें आलें होतें. प्रत्येकाचा वांटा किंचित्. डी.डी.टी. पाण्यांत विरघळत नाहीं, स्निग्धांशांत विरघळते. म्हणून म्हशीनें तो सारा आपल्या चरबींत आणि चरबींतून दुधांत जमा केला. म्हशीच्या दुधांत शंभरांत सहा-सात भाग स्निग्धांश असतो आणि तूप तर जवळजवळ सारें स्निग्धांशच. तेव्हां जें दुधांत एक तें तुपांत पंधराच्या आसपास जावयाचें. सायीवरचें विरजण, लोणी, कढविलेलें तूप, म्हणजे आमच्या संस्कृतीचा सर्व अर्क, हीं त्या द्रव्याचीं आवडतीं निवासस्थानें होत.

ती स्थिति आज तशीच आहे असें आम्ही म्हणत नाहीं. शेतींत डी.डी.टी. वापरण्यास १९८९ सालीं बंदी झाली, बी.एच.सी.वर १९९७ सालीं, एंडोसल्फानवर २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें. आणि बंदीनंतर हे सांठे हळूहळू उतरतात हा जगभरचा अनुभव आहे. पण ‘हळूहळू’ हा शब्द पाहा. वापर थांबला म्हणजे वही कोरी होत नाहीं. १९६५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत दिल्लीकडील लोकांच्या चरबीचें पृथक्करण प्रसिद्ध झालें. दशलक्ष भागांस सरासरी सुमारें सव्वीस भाग डी.डी.टी. निघाली. त्यांपैकीं कोणी कारखान्यांत काम करणारे नव्हते. साधे नागरिक होते.

आणि ह्या वहींतली बाकी फेडण्याचा एक मार्ग असा आहे कीं तो लिहितांना लेखणी अडखळते. स्निग्धांशांत बसलेलें द्रव्य शरीराबाहेर टाकण्याचें सर्वांत समर्थ साधन म्हणजे स्तन्य. मातेच्या अंगांत तीस वर्षांत जें सांचलें, त्यांतील कांहीं हिस्सा कांहीं महिन्यांत मुलाच्या नांवावर चढतो. आणि पहिल्या अपत्याच्या वांट्यास बहुधा अधिक येतो. मिथिल-पारा तर तितकाही थांबत नाहीं, तो गर्भींच पोंचतो. ह्यावरून कोणीं असें समजूं नये कीं बालकास अंगावर पाजूं नये. त्या दुधाचे गुण ह्या दोषाहून कितीतरी मोठे आहेत आणि वैद्यकाचा त्याविषयीं मतभेद नाहीं. आम्हांस म्हणावयाचें तें इतकेंच कीं, जेथें कर्ज आईचें आणि वसुली मुलाकडून अशी व्यवस्था आहे, तेथें ‘एका माणसास रोज अमुक इतकें चालतें’ हा हिशोब मांडणाऱ्यानें माणूस म्हणजे कोण हें प्रथम ठरविलें पाहिजे.

मर्यादेच्या नांवाखालीं काय काय चालूं शकतें ह्याचा दाखला जपानांत मिळतो. मिनामाटा गांवच्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यांतून पारा खाडींत जात होता. मांजरें वेडीं होऊन नाचत मेलीं; मग १९५६ सालीं माणसांतील रोगाची सरकारदरबारीं नोंद झाली. १९५९ सालीं कारखान्याच्याच रुग्णालयांतील डॉक्टर होसोकावा ह्यांनीं तें सांडपाणी एका मांजराच्या अन्नांत घालून तोच रोग उत्पन्न करून दाखविला. कंपनीनें तो प्रयोग दडपला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मोठा समारंभ करून पाणी शुद्ध करण्याचें यंत्र बसविण्यांत आलें आणि अध्यक्षमहाशयांनीं त्या यंत्रांतलें म्हणून पाणी पाहुण्यांसमक्ष पिऊन दाखविलें. टाळ्याही पडल्या असतील. त्या पाण्यांत पाऱ्याच्या विभागाचें सांडपाणी नव्हतेंच, आणि मिथिल-पारा काढण्यासाठीं तें यंत्र बांधलेलेंच नव्हतें, हें पुढें उघडकीस आलें. सरकारनें कारण मान्य केलें तें १९६८ सालीं. परंतु आम्ही म्हणतों, त्यांनीं अगदीं खरेंखुरें सांडपाणी एक पेला प्यालें असतें तरीही त्यांना बहुधा कांहीं झालें नसतें. कारण एका पेल्याचा प्रश्न कधीं नव्हताच. प्रश्न होता तो त्या खाडींतले मासे रोज, वर्षानुवर्षें खाणाऱ्या कोळ्यांचा. एक पेला पिऊन दाखविणें आणि ‘किंचित्’ म्हणणें ह्या दोन गोष्टींत आम्हांस तत्त्वतः कांहीं भेद दिसत नाहीं.

आमच्या ह्या लिहिण्यानें एक दुसराच वर्ग आनंदित होण्याचा संभव आहे. त्याचाही समाचार घेणें भाग आहे. ह्या मंडळींस रसायन म्हणतांच विष दिसतें, आणि त्यावर उतारा म्हणून त्यांच्याजवळ कसला तरी काढा, रस वा चूर्ण तयार असतें, ज्यानें म्हणे सात दिवसांत शरीर शुद्ध होतें. मांसांतल्या प्रथिनांशीं जखडलेला पारा दुधीच्या रसानें सुटत नाहीं आणि चरबींतली डी.डी.टी. उपवासानें जागची हलली तरी बाहेर न पडतां रक्तांत उतरते, इतकेंच त्यांना सांगणें पुरे. ह्यांचें अज्ञान आणि आमच्या अभियंत्यांचें ज्ञान हीं एकाच ठिकाणीं येऊन मिळतात. दोघेही द्रव्याद्रव्यांत भेद करीत नाहींत. एकास सर्वच थोडें म्हणून निरुपद्रवी, दुसऱ्यास सर्वच कृत्रिम म्हणून घातक. डी.डी.टी.नें ह्या देशांत काय केलें तें विसरूं नये. १९४७ च्या सुमारास वर्षाकांठीं साडेसात कोटि लोकांस हिंवताप येई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या लाखाच्या आसपास उतरली. त्या वेळीं फवाऱ्याची नळी हातांत धरणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. आमच्या आजोळीं गोठ्याच्या भिंतीवर पांढरे डाग दिसत, तेव्हां आजीस त्यांचा आनंदच होई, आणि तिचा आनंद योग्य होता. दोष आहे तो इतकाच कीं, औषध फवारतांना तें पुढें कोठें जाऊन बसतें हें पाहण्याचें काम कोणाचेंच नव्हतें.

पंगतींत आमच्या स्नेह्यांनीं शेवटीं विचारलें, “मग वीज नको का?” हा प्रश्न ह्या देशांत प्रत्येक वादाच्या शेवटीं विचारतात आणि त्यानंतर विचारणारा हात धुवावयास उठतो. वीज हवी, आम्ही हें विजेच्या दिव्याखालींच लिहीत आहों. पण विजेची किंमत पाण्यांत मोजून पावती देणें आम्हांस मान्य नाहीं. ती जेथें सांचते तेथें मोजावी. कन्हान-कोलारच्या आणि भोंवतालच्या तळ्यांतल्या, त्यांतही दुसऱ्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत किती पारा आहे? त्या गांवच्या दुभत्या जनावरांच्या दुधांत शिसें किती उतरलें आहे? आणि तेथील बायामाणसांच्या अंगांत काय आहे? धुराड्यांतील पाऱ्यास केंद्र सरकारनें २०१५ सालीं मर्यादा घातली, ती चांगलीच गोष्ट झाली. परंतु धुराडें हें आरंभाचें टोंक आहे, शेवटचें नव्हे. हे आंकडे दर वर्षीं घेऊन मराठींत छापून खसाळ्याच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावे. १९५८ सालापासून ज्या शहरांत नीरीसारखी संस्था उभी आहे, त्या शहरास हें अवघड जाण्याचें कारण नाहीं.

शेवटच्या प्रश्नास तर सुईचीही गरज नाहीं. मिथिल-पारा केंसांत उतरतो, रक्ताच्या सुमारें अडीचशें पट. आणि केंस महिन्याकांठीं एखादा सेंटिमीटर वाढतो. इराकांत १९७१-७२ च्या हिवाळ्यांत पेरणीसाठीं पारा लावलेलें बी लोकांनीं दळून भाकरी करून खाल्लें, तेव्हां स्त्रियांच्या लांब केंसांचे तुकडे करून कोणत्या महिन्यांत कोणाच्या पोटांत किती गेलें हें डॉक्टरांनीं वाचून काढलें. म्हणजे वही सर्वांच्याच डोक्यावर आहे. उघडण्यास केवळ कात्री पाहिजे. खसाळ्यापासून आरंभ करावा, धरमपेठेसही वगळूं नये. कोणी शास्त्रज्ञ हें काम हातीं घेणार असेल तर आमचे केंस देण्यास आम्ही तयार आहों; मात्र ते थोडेच उरले आहेत, तेव्हां फार उशीर करूं नये.